तापातला पेपर

अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि मनोरमाबाईंना जावई एकच. त्यामुळे वाणाचे तेहतीस अनारसे त्यांनी पुण्याहून जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनपर्यंत मांडीवर डबा ठेवून आणले होते. बॅगेत टाकले असते तर चुरा झाला असता, असं त्यांचं म्हणणं. आणि जावयाला चुरा वाढण्याची वेळ अजून आपल्यावर आलेली नाही, हे त्याच्या पुढचं. विमानातल्या मुलीने डबा वर ठेवायला मागितला तेव्हा बाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. तसं त्यांना सगळं ऐकू येतं.

रविवार होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंना तळणाचा वास चालत नाही, म्हणून मनोरमाबाईंच्या लेकीने, सुमेधाने, स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली होती. जुलैचा उकाडा, कढईतलं तूप आणि तीन बायका. सुमेधा धोंडे तळत होती, तिची आई पुरणाचे गोळे कणकेत भरून देत होती, आणि सुमेधाची मोठी जाऊ नीता खुर्चीत बसून वेलच्या सोलत होती. नीताला येऊन तीनच दिवस झाले होते. ती आली होती लेकीसाठी. ऊर्मिलाचा निकाल लागला की तिला येना शहरात नेऊन सोडायचं, खोली लावून द्यायची, मग परतायचं, असा बेत होता. त्या खोलीसाठी तिने पुण्याहून छोटा कुकर आणला होता आणि तो आल्यापासून बैठकीच्या खोलीत खोक्यासकट उभा होता.

"सुमेधा, येनाला आपलं दुकान असेल का गं? डाळी-बिळी मिळतील अशी?"

"मिळतील वहिनी. नाहीतर ऑनलाइन येतं सगळं."

"तेच म्हटलं. नाहीतर नुसत्या कुकरला काय करणार ती."

मनोरमाबाईंनी गोळा तळहातावर फिरवला. "मला एक सांग नीता. ऊर्मिला दोन वर्षं युनिव्हर्सिटीत आहे ना? तू पेढे दिले होतेस आम्हाला. मग आता परत युनिव्हर्सिटीत जायचं म्हणजे काय?"

नीता वेलची सोलता सोलता थांबली. सुमेधाने तळण बाजूला काढलं आणि आईला समजावलं. आपली बारावी इथे पुरी धरत नाहीत. म्हणून आधी एक वर्ष कोलेग करायचं, त्याची शेवटी परीक्षा, ती पास झालं की मग युनिव्हर्सिटी. ऊर्मिलाचं कोलेग हायडेलबर्गला होतं. येनाच्या युनिव्हर्सिटीने जागा द्यायचं कबूल केलं होतं, पण ही परीक्षा पास झाली तर.

"मग हायडेलबर्ग युनिव्हर्सिटी, असं का सांगितलंत?"

"काकू, लोकांना एवढं कुठे समजावत बसायचं," नीता म्हणाली. "कोलेग म्हटलं की विचारतात, म्हणजे ज्युनिअर कॉलेजच का, मग इथे काय वाईट होतं."

हे खरंच होतं. नीता-सुमेधाच्या सासरी, उकिडव्यांच्या घरात, थापा कोणी मारत नाही. फक्त सगळं सांगत नाहीत. पहिल्या वर्षी ऊर्मिला त्या परीक्षेत नापास झाली, कारण जर्मन कच्चं होतं, तेव्हाही पुण्यात 'कोर्स दोन वर्षांचा आहे' एवढंच सांगितलं गेलं. यंदा ती दुसऱ्यांदा बसली होती.

"निकाल कधी मग?"

"उद्या-परवा, म्हणाली ती."

सुमेधाने पुढचा धोंडा कढईत सोडला. गेला महिनाभर तिच्या पोटात एक गोष्ट होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी, असाच रविवार होता, ऊर्मिला याच घरात तापाने फणफणली होती. नीताला फोनवर 'थोडी कणकण आहे' असं सांगितलं होतं. त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते सांगितलं नव्हतं. निकाल चांगला लागला की ते सांगायची वेळच येणार नव्हती, आणि सुमेधा त्याच आशेवर होती.

*

आतल्या खोलीत ऊर्मिला अन्वीच्या पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. अन्वी म्हणजे सुमेधा आणि तिचा नवरा नागेश यांची मुलगी, सोळा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, अगदी आजीचे टोमणेसुद्धा, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते. दोन वर्षांत दोघी बहिणींचं असंच बसून गेलं होतं. एक मराठीत बोलायची, दुसरी जर्मनमध्ये, आणि कोणाचं काही अडायचं नाही.

"आज सांगणार आहेस का?" अन्वीने विचारलं.

"बाबा फोन करणार आहे वाणाच्या वेळी. तो विचारणारच."

"शुक्रवारपासून गप्प बसलीयेस तू."

निकाल शुक्रवारीच लागला होता. गणिताच्या पेपराने घात केला, आणि तोंडी परीक्षेतही ते भरून निघालं नाही. ही परीक्षा जन्मात दोनदाच देता येते. दुसऱ्यांदा गेली की गेली. हायडेलबर्गला नाही आणि देशातल्या दुसऱ्या कुठल्याच कोलेगला नाही. बाकी विषय बरे होते. भौतिकशास्त्रात तर तिला वर्गात सगळ्यांत चांगले गुण होते. भौतिकशास्त्राच्या बाईंनी निकालाच्या दिवशी तिचा हात हातात घेतला आणि दोन वाक्यं बोलल्या, त्यातलं एकही ऊर्मिलाला आता आठवत नव्हतं.

तिला प्रकाश शिकायचा होता. नीट सांगायचं तर भिंगं, किरण, त्यांचं वाकणं. मागच्या हिवाळ्यात ती एकटी येनाला जाऊन आली होती, युनिव्हर्सिटी बघायला खुली असते त्या दिवशी. अंधाऱ्या खोलीत एका विद्यार्थ्याने टेबलावर हिरवा किरण सोडून दाखवला आणि विचारलं, हात मध्ये घालून बघतेस? तिने घातला. परत येताना गाडीत ती स्वतःशीच हसत होती, हे तिने फक्त अन्वीला सांगितलं होतं.

"एक मार्ग आहे," अन्वी म्हणाली. "आउसबिल्डुंग कर. ऑप्टिकरचं. तीन वर्षं शिकायचं, काम करता करता. भिंगंच असतात त्यात पण."

"चष्म्याच्या दुकानात."

"मग काय झालं?"

"मला काही नाही झालं. आईला सांगून बघ तू." ऊर्मिलाने गुडघ्यांवर हनुवटी ठेवली. "आणि तेही लगेच मिळायला हवं. माझा व्हिसा कोलेगचा आहे. कोलेग संपलं."

अन्वी तिच्याकडे बघत राहिली. तिला ऊर्मिलाची दया येत होती, पण त्याहून जास्त राग येत होता, आणि राग घरातल्या मोठ्यांचा होता. त्या रविवारी थर्मामीटर तिनेच लावला होता. एकोणचाळीसच्या वर, म्हणजे आपल्याकडच्या एकशे दोनच्या वर, गेला होता पारा. तिने तेव्हाच सांगितलं होतं, अगदी मराठीत सांगितलं होतं, मोठ्यांना नीट कळावं म्हणून, की उद्या पेपरला जाऊ नकोस, सकाळी डॉक्टरकडे जा, अटेस्ट घे, ते कोलेगला पाठव. आजारी असल्याचं डॉक्टरचं अटेस्ट असलं की तो पेपर धरतच नाहीत, नंतरची तारीख देतात. तिच्या शाळेत पाचवीतल्या पोरांनासुद्धा हे माहीत असतं. तिचा बाबा म्हणाला होता, तू गप्प बस गं, परीक्षा आहे ती, पिकनिक नाही.

"अन्वी," ऊर्मिला म्हणाली, "तू बाहेर काही बोलू नकोस हं. मी बोलेन."

"हे बघ, मी प्रॉमिस करत नाही," अन्वी म्हणाली.

*

घरात पाट नव्हता, म्हणून नागेशला आयकेआच्या बुटक्या स्टुलावर बसवलं होतं. भोवती सुमेधाने छापाची रांगोळी काढली होती. गाड्यांच्या कारखान्यात तो सतरा वर्षं इंजिनिअर आहे, हाताखाली बरीच माणसं आहेत, पण सासूच्या समोर टोपी घालून गुडघे छातीशी घेऊन बसलेला नागेश बघवत नव्हता. चेष्टा करायला सुमेधा तिथेच उभी होती, पण आईदेखत ती नवऱ्याला अहो म्हणते, त्यामुळे तिचं तोंड बांधलेलं होतं.

"अहो, सरळ बसा जरा," एवढंच ती म्हणाली.

मनोरमाबाईंनी चांदीच्या ताटात अनारसे रचले, वर निरांजन ठेवलं. तेवढ्यात टेबलावर फळांच्या भांड्याला टेकवून ठेवलेला फोन वाजला. पलीकडे पुण्यात गुरुदत्त, नागेशचा थोरला भाऊ, चहाचा कप घेऊन सोफ्यावर बसला होता. दादाचा फोन आला की नागेश अजूनही सावरून बसतो. आता तर स्टुलावरच सावरला आणि स्टूल डुगडुगलं.

"काय जावईबापू," गुरुदत्त हसला. "सगळे अनारसे एकट्याने खाऊ नकोस. नमस्कार काकू. नीता, दिसतीयेस मला, थोडी मागे हो. ऊर्मिला कुठाय?"

"आहे बाबा," ऊर्मिला दारातून म्हणाली आणि पुढे आली.

"काय, केव्हा आहे निकाल? उद्या ना?"

"शुक्रवारी लागला, बाबा."

नीता एकदम वळली. तिच्या चेहऱ्यावर हसू यायला सुरुवात झाली होती. तिला वाटलं, पोरीने सगळ्यांना एकदम सांगायला राखून ठेवलंय.

"मग?" गुरुदत्त म्हणाला.

"नापास झाले. गणितात. आता परत बसता येत नाही."

मनोरमाबाईंच्या हातातलं ताट ओवाळायला अर्धवट उचललेलं होतं. त्यांनी ते सावकाश टेबलावर ठेवलं. निरांजन जळत राहिलं. ते विझवावं की ठेवावं हे कोणाला सुचेना.

"शुक्रवारी?" नीता म्हणाली. "अगं, काल दिवसभर आपण येनाच्या खोल्यांचे फोटो बघत होतो."

"तू दाखवत होतीस आई. मी बघत होते."

"परत बसता येत नाही म्हणजे काय?" गुरुदत्तचा कप खाली गेला होता. "असं कुठे असतं? अर्ज करायचा. नागेश, काय म्हणतीये ही?"

नागेश स्टुलावरून उठला. टोपी काढून हातात धरली. "खरंय दादा. ही परीक्षा दोनदाच देता येते. एकदा मागच्या वर्षी झाली."

"पण गणितात कशी नापास होईल ती? गणितात कधी पहिला नंबर सोडला नाही पोरीने."

"ताप होता, बाबा."

"कणकण होती, माहिती आहे मला. कणकणीने गणित विसरतं का कोणी?"

"एकोणचाळीस होता," अन्वी म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "मी मोजला होता. मी सांगितलं होतं जाऊ नको, अटेस्ट घे, मग दुसरी तारीख देतात. कोणी ऐकलं नाही. बाबा तिला गाडीत घालून घेऊन गेला."

ऊर्मिलाने डोळे मिटून घेतले. नीता आधी अन्वीकडे, मग सुमेधाकडे बघत राहिली. तिची जाऊ, जिच्या भरवशावर तिने लेक परदेशात ठेवली होती, ओल्या हातांनी पदर चुरगाळत उभी होती.

"दुसरी तारीख मिळाली असती?" नीताने विचारलं. "सुमेधा, हे खरं आहे?"

"हो, वहिनी."

"तुला माहीत होतं?"

"अन्वी म्हणत होती. मलाही वाटत होतं, न्यावं डॉक्टरकडे."

"वाटत होतं. मग नेलं का नाहीस? तुझ्या घरात होती ना ती? मी तिकडे देवापुढे दिवा लावून बसले होते, आणि तुला नुसतं वाटत होतं. तुझी अन्वी असती तर नेलं असतंस की नाही?"

सुमेधाला हे लागलं. दोन वर्षं दर शनिवार-रविवार तिने ऊर्मिलाचे डबे भरले होते, तिचे कपडे धुतले होते, पहिल्यांदा नापास झाली तेव्हा रात्रभर तिच्याजवळ बसली होती. ते सगळं आता एका वाक्यात पुसलं गेलं. आणि त्या वाक्यातला प्रश्न खोटाही नव्हता. अन्वीला तिने नेलं असतं.

"वहिनी, मी म्हटलं होतं यांना," ती हळू आवाजात म्हणाली. "मग यांनी दादांना फोन केला. दादा म्हणाले, पेपर चुकवायचा नाही. त्याच्यापुढे मी काय बोलणार होते?"

आता नीता फोनकडे वळली. तीस वर्षांच्या संसारात चारचौघांत तिने नवऱ्याला जाब विचारल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

"तुम्ही म्हणालात असं? मला का नाही सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय?" गुरुदत्तचा आवाज चढला. "आपल्या घरात परीक्षा चुकवत नाहीत. पेपर हातात आला की ताप उतरतो. मी अण्णा गेले त्या दिवशी पेपर लिहिलाय. घरात अण्णांना खाली ठेवलं होतं आणि मी थर्मोडायनॅमिक्स लिहून आलो, मग अग्नी दिला. ती कणकणीने घरी बसणार होती?"

ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली होती. मनोरमाबाईंनी ती सुमेधाचं लग्न ठरवताना ऐकली होती आणि तेव्हा त्यांना मुलाचं घराणं पसंत पडलं होतं. दसऱ्याला पाटीपूजनाच्या वेळी ती सांगितली जायची. ऊर्मिला आणि अन्वी त्या गोष्टीवर वाढल्या होत्या. आजारपण, लग्नकार्य, मयत, काहीही असो, उकिडव्यांचं पोर पेपरला बसतं. त्या सोमवारी पहाटे नागेशने गाडी काढली तेव्हा त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. वाटेत तो ऊर्मिलाला तेच सांगत होता, पेपर हातात आला की ताप उतरतो, आणि ती मागच्या सीटवर शाल पांघरून हो म्हणत होती.

"पण अहो, आपल्याकडे ठीक होतं," मनोरमाबाई म्हणाल्या. "इथला नियम वेगळा आहे असं ही एवढीशी पोर सांगत होती ना?"

"काकू, तुम्ही यात पडू नका."

"मी पडतच नाही. मी नुसती विचारते."

नागेशने घसा खाकरला. "एक होऊ शकतं. मयुरेश आहे ना, आपला डॉक्टर मित्र. त्याच्याकडून आत्ता अटेस्ट घेतलं, त्या तारखेचं, तर..."

"नाही होणार, काका," ऊर्मिला म्हणाली.

"विचारून तर बघू."

"नाही होणार. पेपर वाटायच्या आधी त्यांनी सगळ्यांना विचारलं. कोणाला बरं वाटत नसेल तर आत्ता सांगा, आत्ता जाता येईल, पेपर उघडला की मग नाही. प्रत्येकाकडे बघून विचारलं. माझ्याकडे बघून परत विचारलं, कारण मी शाल घेऊन बसले होते. मी म्हटलं, मी ठीक आहे."

"पण का गं?" नीता रडवेली झाली. "का म्हणालीस असं? तिथे तर कोणी नव्हतं ना तुला अडवायला?"

"काका खाली गाडीत थांबला होता."

एवढं बोलून ती थांबली. मग तिला वाटलं, आता निम्मं बोलून उपयोग नाही.

"मी उठून खाली गेले असते तर काकाने बाबाला फोन केला असता. बाबाने विचारलं असतं, पेपर न लिहिता आलीस? त्याचं उत्तर नव्हतं माझ्याकडे. ताप आहे हे उत्तर आपल्यात चालत नाही. म्हणून बसले. आकडे दिसत होते, पण एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाईपर्यंत आधीची विसरायला होत होती. शेवटचे तीन प्रश्न मी वाचलेच नाहीत."

नागेशला ती इमारत आठवली. खाली झाडाच्या सावलीत गाडी लावून तो काम करत बसला होता, मधूनमधून वर खिडक्यांकडे बघत होता. पोरीला आधार वाटावा म्हणून थांबला होता तो. त्याला आता तिच्याकडे बघवेना.

फोनमध्ये गुरुदत्त परत बोलला तेव्हा आवाज खाली आला होता, आणि तो ओरडत होता तेच बरं होतं असं सगळ्यांना वाटलं.

"ऊर्मिला, एक खरं सांग. ताप होता, का पेपर बघून घाबरलीस? घाबरली असशील तर तसं सांग. आता या सगळ्यांवर ढकलू नकोस."

ऊर्मिला नुसती फोनकडे बघत राहिली. अन्वी तिच्याजवळ सरकली.

"दादा," नागेश म्हणाला.

"तू थांब. तिला बोलू दे."

"दादा, तू त्या पेपरात नापास झाला होतास."

सुमेधाने नवऱ्याकडे बघितलं. वीस वर्षांत हे तिने कधी ऐकलं नव्हतं. नीतानेही नाही.

"मला सायकलवर पुढे बसवून निकाल बघायला घेऊन गेला होतास," नागेश सांगत राहिला. तो दादाला काही सांगत नव्हता, जणू लहानपणचा धडा म्हणून दाखवत होता. "बोर्डासमोर तू खूप वेळ उभा होतास. मग मला उसाचा रस पाजलास आणि म्हणालास, आईला सांगू नको. मी नाही सांगितलं. आई गेली तोपर्यंत तिला माहीत नव्हतं. तू गोष्ट सांगायचास तेव्हा पेपर लिहिला इथे थांबायचास, आणि मीही कधी पुढचं विचारलं नाही. आणि पेपरच्या त्या सोमवारी मीच हिला घेऊन गेलो. मला माहीत असून घेऊन गेलो."

खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. गुरुदत्तचा चेहरा फोनमध्ये एका बाजूला झुकलेला दिसत होता. त्याने हात खाली सोडला असावा, कारण आता त्याची हनुवटी आणि मागची भिंत एवढंच दिसत होतं.

"मग काय झालं?" तो शेवटी म्हणाला. "वडील गेले होते माझे. ऑक्टोबरला दिला ना परत. सुटला. फर्स्ट क्लास मिळवला पुढे. नापास झालो म्हणून काय रडत बसलो नाही."

"मला ऑक्टोबर नाहीये, बाबा," ऊर्मिला म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. मनोरमाबाईंनी निरांजन उचललं, आत नेलं, आणि स्वयंपाकघरात एकट्याच उभ्या राहिल्या. जावयाला ओवाळायचं राहून गेलं होतं, आणि आता ते होणार नव्हतं. नीता सोफ्यावर बसली. सुमेधाला तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण मघाचं वाक्य अजून दोघींच्या मध्ये होतं, आणि ती होती तिथेच उभी राहिली.

"असं कसं नाही?" गुरुदत्त म्हणत होता. आवाजात राग उरला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "दुसऱ्या गावात असेल. दुसऱ्या राज्यात असेल. एवढा मोठा देश आहे."

"कुठेच नाही. सगळ्या देशात एकच नियम आहे."

"मग पुण्यात काय सांगायचं?"

गेले तीन दिवस ऊर्मिला या बोलण्याची तयारी करत होती. बाबा रागावेल, आई रडेल, इथपर्यंत तिने धरलं होतं. त्यापुढे एक गोष्ट होईल अशी तिची वेडी आशा होती, की सगळं बोलून झाल्यावर कोणीतरी म्हणेल, बरं, संपलं ते, आता बस इथे. तेवढं एक वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकलं असतं, तर ती पुढचा विचार करू शकली असती, मग तो चष्म्याच्या दुकानाचा असो की परतीच्या विमानाचा.

"नागेशला दे फोन," गुरुदत्त म्हणाला.

तिने फोन उचलून काकाच्या हातात दिला. नागेशने तो घेतला.

"बोल दादा."

"मघाचं राहू दे. ते आपण दोघं नंतर बोलू." पलीकडे गुरुदत्तने डोळे पुसल्यासारखं केलं. "तू तिथे इतकी वर्षं आहेस. तुझ्या ओळखी आहेत. असं पोरीला वाऱ्यावर सोडता येत नाही रे. तू काहीतरी बघशील ना?"

नागेशने वर बघितलं. ऊर्मिला त्याच्यासमोरच उभी होती आणि मान हलवत होती. नाही म्हण. एवढ्या वेळेला तरी नाही म्हण. त्याला ते स्पष्ट दिसत होतं, आणि बघण्यासारखं आता काही उरलं नाही हे या खोलीत त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. पण पलीकडे दादा रडत होता, आणि दादाला रडताना त्याने अण्णा गेले तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं.

"हो दादा," तो म्हणाला. "बघतो मी. करतो काहीतरी."

नीताने पदराने तोंड पुसलं आणि दिराकडे अशा नजरेने बघितलं, की तिला ते खरं वाटलंय हे दिसत होतं. ऊर्मिलाला काकाचा राग आला नाही. तिला फक्त कळलं, की संध्याकाळपर्यंत पुण्यात सगळ्यांना कळवलेलं असेल, ऊर्मिलाचं थोडं अडलंय, पण नागेश बघतोय. आणि यापुढे कोणीही विचारलं तरी हेच सांगितलं जाईल, आणि तिलाही हेच सांगावं लागेल.